जिलानीचाचांच्या तीन घंट्या

मला माणसांना मशीन शिकवायचा मनस्वी कंटाळा, कारण माणसं प्रश्न विचारतात. लातूरला बसलिंगप्पा सरांच्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटरवाली म्हणून लागले आणि सरांनी पहिलंच काम दिलं: पालकांना आपोआप फोन लावणारा प्रोग्रॅम लिहायचा आणि जिलानीचाचांना शिकवायचा. तो नीट चालला की चाचांना घरी बसवणार, हे सरांनी मला हळूच सांगितलं. चाचांना ते आधीच कळलं होतं.

चाचा अकरा वर्षं क्लासचा फोन सांभाळत होते. त्याआधी बसस्टँडजवळ त्यांचा एसटीडी बूथ होता. त्यांनी मला विचारलं, हे एपीआय काय असतं? म्हटलं, फोन कंपनीचं मशीन आपल्याला दिसत नाही, पण त्याला एक खिडकी असते. तिथं ठरलेल्या पद्धतीनं अर्ज दिला की पलीकडं काम होतं. "म्हंजे मीच की," चाचा म्हणाले. वेबहुक? काम झालं की पलीकडच्यानं आपणहून येऊन सांगायचं. "हे बी मीच." तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि उरलेले शब्द मी शिकवलेच नाहीत. त्यात 'रीट्राय' होता.

गुरुवारी सकाळी प्रोग्रॅम सुरू केला. रविवारच्या पालकसभेचा निरोप, सरांच्या आवाजात, चारशे बारा घरांना. चाचा चहाला गेले होते. पडद्यावर ओळीमागून ओळ उमटत होती: उचलला नाही, उचलला नाही. मी निश्चिंत होते, कारण न उचलणाऱ्यांना मशीन पाच मिनिटांनी पुन्हा फोन लावणार होतं; हाच तो रीट्राय. तसा दुसरा फेरा झाला.

तेवढ्यात चाचा धापा टाकत आले. त्यांचा स्वतःचा मोबाइल हातात सारखा वाजत होता. काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी मोठ्या ऐटीत रीट्राय समजावला.

"तिसऱ्यांदा बी लावणार हाय का?"

"हो. तीनदा."

चाचा टेबलाखाली वाकले आणि कॉम्प्युटरची वायर उपटली.

सर आले, बंद पडदा पाहिला आणि चाचांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. चाचा वाजता मोबाइल घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

दुपारी देवणीहून उमाबाई आल्या, गाय अर्धवट पिळून. माझा पोरगा कुठं हाय, एवढंच विचारत होत्या. पोरगा वर्गातून आला, आईला पाहून लाजला आणि तिनं त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. मागोमाग निलंग्याची माणसं आली, मग उदगीरची. अर्धापूरचा एक केळीवाला तर अर्धा भरलेला टेम्पो घेऊनच आला. चार वाजता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

सरांनी विचारलं तेव्हा उमाबाईंनी सांगितलं. क्लासच्या नंबराची एक घंटी, म्हंजे एक मिस्ड कॉल, आली की पोरगा वर्गात पोचला, फोन उचलायचा न्हाई. दोनदा वाजलं की पोरगा आला न्हाई, चाचाला फोन करायचा. हे चाचा प्रवेशाच्या दिवशीच पाठ करून घेतात. "चाचाचा फोन लागंना, म्हणून आले."

चारशे घरं एकदम चाचांचा मोबाइल लावत होती, तर लागणार कसा!

तेव्हा कुठं चाचा बोलले. भूकंपाच्या साली बूथवरून आवाज धड पोचत नव्हता, घंटी मात्र पोचायची. म्हणून रांगेतल्या लोकांनी परगावच्या नातेवाइकांशी घंट्याच ठरवून घेतल्या. तीच रीत त्यांनी इथं चालवली.

"आणि तीनदा वाजलं तर?" सरांनी विचारलं.

"तीनदा म्हंजे दवाखाना," उमाबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

मी त्या उपटलेल्या वायरकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. मशीनच्या हिशेबात उचललेले फोन होते सात. सरांनी रविवारची सभा गुरुवारीच उरकून घेतली. क्लासच्या इतिहासात तेवढे पालक कधी जमले नव्हते. जाताना त्यांनी चाचांना उद्या जरा लवकर या म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी चाचांसमोर बसले. त्यांनी सांगितलं तसा प्रोग्रॅम बदलला. हजर पोरांच्या घरी एक घंटी, गैरहजरांच्या घरी दोन. तिसऱ्या घंटीची ओळ मी पुसून टाकली. तो फोन चाचा स्वतः लावतात, खोलीचं दार आतून लावून.