ट्रकचे ब्रेक
जळक्या ग्रीसचा वास आला की मला दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, डावा डोळा आठवतो. नव्या आर्थिक धोरणाच्या त्या वर्षांत त्याचा नोकरीचा कारखाना बंद पडला आणि त्याने लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक दुरुस्तीला घेतला. ब्रेकला हात घालायचा तर आधी चाकाचं बेअरिंग निघायला हवं, आणि ते गंजून घट्ट बसलेलं. रॉकेल ओतलं, ब्लोलॅम्पने तापवलं, शेवटी दादाने छिन्नी लावून घण घातला. बेअरिंग फुटलं आणि कपची उडून त्याच्या डोळ्यात गेली. डोळ्यावर पट्टी असतानाच त्याने ब्रेक पुरे केले. ट्रकचा मालक आला आणि हसला, “ब्रेकां कायकू बनाए? इसकू तो मेरी होटल के सामने खडा करना है बस.” तो गेल्यावर दादा मला म्हणाला, “उभं राहायलाही ब्रेक लागतोच की.” आता हिमायतनगरला मालकाच्या हॉटेलासमोर त्या ट्रकवर मुलं चढून फोटो काढतात, आणि डावीकडचं दिसत नाही म्हणून दादा मान पूर्ण वळवून बघतो.