कोंडबाची बायको

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा आई भाजी निवडत होती. मी सांगितलं, तर ती रडली नाही. आधी म्हणाली, "जाताना कुनाला काई बोलला का तो?" सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी ऐकून जिला हा प्रश्न सुचतो ती काहीतरी लपवतेय, असं माझ्या मनात तिथल्या तिथं येऊन गेलं. त्याची आता लाज वाटते, पण आलं खरं... आमच्या घरात संशय हा मामांकडूनच आलेला.

ज्ञानोबामामा हट्टा-वसमतच्या बाजूला शाळाशाळांतून फिरून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. गाडीवर 'वसमत' अशी ठसठशीत पाटी असली तरी कंडक्टरला दोनदा विचारल्याशिवाय ते चढायचे नाहीत. लिहिलेल्या कागदावर तर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं. त्यांच्या शाळेतली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली! बाप लेकराला घेऊन यायचा, म्हणायचा, "पोळ्याच्या आगंमागं झालं गुर्जी, पानी लई व्हतं," आणि मामा रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे. "लिहिनारा कसा असतो ते मला ठावं हाय," असं ते हसत हसत सांगायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागला आणि मामा कागदांच्या मागे लागले. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, एका कागदावर कोंडबा, दुसऱ्यावर कोंडीबा, तिसऱ्यावर नुसतेच कोंड्या. शेवटी गावचं कोतवाल बुक हाती आलं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते कोतवाल सांगेल तसं त्यात लिहिलं जायचं. त्या दिवशी मी सोबत होते. एका ओळीवर मामांचं बोट थांबलं. 'कोंडबाची बायको, ताप, मयत.' नाव नाही, आडनाव नाही. त्या साली मामा दोन वर्षांचे होते आणि माझ्या आईचा जन्मही व्हायचा होता. आणि ज्या भागीरथाआजीला ही दोघं 'माय' म्हणायची, ती तर नव्वदीपर्यंत जगली आणि मामांच्या हातच्या कण्या खाऊन त्यांच्याच घरात गेली.

"दुसऱ्या कुण्या कोंडबाची असंल. नाहीतर लिहिताना चूक झाली असंल," मी म्हणाले.

"लिहिनारा तारीख चुकवतो पोरी," मामा म्हणाले. "मढं चुकवत न्हाई."

नातवाचं काम झालं, पण मामा थांबले नाहीत. आजीचं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचं. तिकडे ते जीपनं दोनदा जाऊन आले आणि घरी सांगितलं, डोळे तपासायला गेलो होतो. डोळे तपासायला वसमतचा माणूस गोरेगावला कशाला जाईल? मी खोदून विचारलं, तर म्हणाले, "तिथं वळखीचं कुनी उरलं न्हाई." मला ते पटलं नाही, आणि मला भीतीही वाटायला लागली. आयुष्यभर सख्खा असलेला माझा मामा एका ओळीनं सावत्र होणार होता. त्यांनी भाऊबीजेला येणंच बंद केलं तर?

जाण्याआधी दहा दिवस, रविवारी, ते आमच्याकडे आले. मला चहा ठेवायला आत पिटाळलं. मी चहा ठेवला आणि दाराआड कान देऊन उभी राहिले.

"शांते, एक खरं सांग. मायच्या आधी कुनी व्हती का?"

"काई तरीच काय दादा! म्हातारपनी डोस्कं फिरलं का तुझं?"

"मायनं जाताना तुला काई सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

मी चहा घेऊन बाहेर आले. मामांनी तो सगळा संपवला, झकास झाला म्हणाले आणि गाडी पकडायला गेले. मागाहून पातेलं विसळताना मी तळाशी उरलेला घोट चाखला. साखर टाकायलाच विसरले होते.

दिवसकार्य आटोपून परत आलो त्या संध्याकाळी आई आपणहून बोलली. "व्हती. तुळसा नाव. मायची थोरली बहीन. ती गेली, लेकरू लहान, म्हनून मायला त्याच घरी दिलं. दादाला सांगू नको, अशी शपथ घातली व्हती मायनं."

"अगं पण मामा स्वतः विचारत होते. खोटं काहून बोललीस?"

"एक माय जाळून आला व्हता तो," आई म्हणाली. "दुसरी कशाला मारायची त्याची?" आणि मग ती रडली. भाऊ गेल्यावर पहिल्यांदा.

नंतर मामीनं मामांच्या कागदांची पिशवी माझ्याकडे दिली, तिच्या लेखी ती रद्दीच. त्यात एक मोठा ड्रॉइंग पेपर निघाला, मामांनी काढलेली वंशावळ. जवळजवळ प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. कोंडबाच्या शेजारी मात्र शाईनं दोन नावं होती, तुळसा आणि भागीरथा. खाली ज्ञानोबा आणि शांता. दोन्ही बायांपासून दोन्ही लेकरांकडे रेघा ओढलेल्या, अशा चार. तिथं एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. कोपऱ्यातली तारीख त्या रविवारच्या पाच महिने आधीची.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मग विचारायला कशाला आले होते? बहिणीचं ओझं उतरवायला, की ती आपल्याला किती जपते ते एकदा बघायला? मला सांगता येत नाही. मी तो कागद हातात घेऊन खूप रडले.

आईनं विचारलं, "दादानं लिवलंय का काई?" मी म्हणाले, "न्हाई, अर्धवटच राहिलंय." आपलं खोटं फुकट गेलं, हे तिला कशाला कळू द्यायचं? कागदाची घडी घालून मी तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

परवा कपाट उघडलं तर घडी उलटी होती. मी आईला काही विचारलं नाही. मामांचा तो कागद आम्ही दोघीही काढून बघतो, पण एकमेकींसमोर नाही.