मामंजींची सव्वीस जानेवारी

स्वातंत्र्यासाठी कुणी तुरुंग भोगला, कुणी लाठ्या खाल्ल्या, कुणी फासावर गेलं. आमच्या मामंजींनी एरंडेल प्यायलं. हसा, खुशाल हसा. मीसुद्धा तोंडात पदर कोंबून पुष्कळ हसले आहे. पण आज इतक्या वर्षांनी छातीवर हात ठेवून सांगते, त्यांच्यासारखा सत्याला चिकटून बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. भिंगारला लष्करी स्टोअरमध्ये कारकून. बूट, कांबळी, पितळी बटणं यांच्या याद्या करायच्या आणि गोऱ्या साहेबाला सलाम ठोकायचा, यात त्यांची हयात गेली. राहायला सरकारी क्वार्टर, अंगावर सरकारी भाकरीचं मांस, आणि मनात वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस एकच तारीख, सव्वीस जानेवारी. त्या काळी आमचा स्वातंत्र्यदिन सव्वीस जानेवारीला असायचा. स्वातंत्र्य नव्हतं, पण दिवस होता. सरकारनं नव्हे, लोकांनीच ठरवलेला.

माझं लग्न एकोणचाळीस सालच्या डिसेंबरात झालं. पुणतांब्याची, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली पोर मी, भिंगारला आले आणि महिनाभरात ती तारीख उजाडली. पहाटे पाचला उठून बघते तर मामंजी ओट्यावर वाटी घेऊन बसलेले. सासूबाई चुलीपाशी धुसफुसत होत्या. मामंजींनी डोळे मिटून वाटी तोंडाला लावली, अंगावर शहारा आला, आणि मग त्यांनी समोर दौत, लेखणी, कागद मांडला. एक तास झाला, दोन तास झाले, माणूस लिहिना की हलेना. मी भीतभीत सासूबाईंना विचारलं, “काय लिहितायत मामंजी?” त्या म्हणाल्या, “रजेचा अर्ज. पण पोटात कळ यायचीय अजून.”

ते सगळं पुराण मग मला कणीक मळता मळता कळलं. पहिला स्वातंत्र्यदिन तीस साली आला तो रविवारी, त्यामुळे मामंजी सुखानं नगरच्या सभेला गेले, हात वर करून प्रतिज्ञा म्हणून आले. दुसऱ्या वर्षी आला सोमवार. सभेला तर जायचं, आणि अर्जावर ‘स्वातंत्र्यदिन’ असं कारण लिहिलं तर त्याच दिवशी क्वार्टर रिकामं करायचं. मामंजींनी लिहिलं, पोटदुखी. सभेला जाऊन आले, आणि घरी आल्यावर खोटं लिहिल्याच्या पश्चात्तापानं तीन दिवस जेवले नाहीत. “खोटं बोलून स्वातंत्र्य मिळवायचं, तर गोऱ्यात नि आपल्यात फरक काय?” असं म्हणायचे. चौथ्या दिवशी त्यांना तोड सुचली. कारण खोटं आहे ना? मग ते खरं करू! तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला पहाटे एरंडेल, आणि खरीखुरी कळ आल्याशिवाय लेखणीला हात नाही. कळ आली की घाम पुसत, वळणदार अक्षरात, “सेवेशी विनंती की आज पोटदुखीमुळे...” आमचे हे नगरला शाळेत मास्तर, ते सायकलवरून जाता जाता अर्ज कचेरीत टाकायचे. एक्केचाळीस साली तारीख रविवारी आली. मी म्हटलं, “मामंजी, आज सुट्टीच आहे, कशाला पोटाचे हाल करता?” तर म्हणाले, “सूनबाई, ज्या दिवशी काही सोसलंच नाही, तो कसला ग स्वातंत्र्यदिन?” आणि घेतली वाटी! आता या माणसापुढे काय बोलणार, कपाळ?

पण मनातली गोष्ट त्यांनी त्याच दिवशी मला सांगितली. सासूबाईंनाही कधी सांगितली नसेल. म्हणाले, “माझी एकच इच्छा आहे बघ. एकदा, मरायच्या आत एकदा, कागदावर खरं कारण लिहिलेलं असावं आणि त्याखाली कचेरीची मंजुरी असावी. बाकी मला काही नको.” लोकांना काशी हवी असते, रामेश्वर हवं असतं. यांना मंजूर झालेला अर्ज हवा होता.

एरंडेल घेतल्यावर सभेला कसलं जाणार, म्हणून तो दिवस घरीच साजरा व्हायचा; पण झेंडा लावायची सोयच नव्हती, क्वार्टर सरकारचं. म्हणून मागच्या अंगणात एकाखाली एक तीन दोऱ्या बांधायच्या आणि त्यावर धुणं वाळत घालायचं. वरच्या दोरीवर सासूबाईंचं केशरी लुगडं, मधे मामंजींचं धोतर, खाली हिरवं काहीतरी. सासूबाई सांगायच्या, अगदी सुरुवातीला वर पांढरं, मधे हिरवं आणि खाली तांबडं असायचं; पुढे झेंड्याचेच रंग बदलले, तेव्हा तांबडं लुगडं दोरीवरून उतरलं आणि केशरी विकत आणावं लागलं. मी आले त्या वर्षी खालच्या दोरीचा मान माझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याला मिळाला. घडीसुद्धा मोडली नव्हती हो! मी म्हटलं, “असंच कोरडं टाका ना.” तर म्हणे, “वाळलेलं लुगडं वाळत घालणं म्हणजे लबाडी,” आणि बुचकळलं बादलीत. निम्मा रंग बादलीत राहिला. मी न्हाणीघरात जाऊन रडले. बाहेर आले तर मामंजी त्या ओल्या लुगड्यासमोर ताठ उभे, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. रंग गेल्याचं दुःख तिथंच जिरलं माझं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “मधे चरखा कुठाय मग?” मामंजी गंभीरपणे म्हणाले, “आत बसलाय, सूत काततोय.”

आणि प्रतिज्ञा! ती मोठ्यानंच वाचायची, हा त्यांचा हट्ट. पण क्वार्टरांच्या भिंती पातळ. तेव्हा पाट मांडायचा, समई लावायची, प्रतिज्ञेचा कागद लाल फडक्यात गुंडाळून ठेवायचा, आणि पोथीच्या चालीवर, हेल काढून वाचायचा. मधेच कळ आली की “थांबा हं,” म्हणून टमरेल घेऊन जायचे, आणि परत येऊन हातपाय धुऊन त्याच ओळीपासून पुढे. शेवटी “इति प्रथमोऽध्यायः” म्हणून सगळ्यांना शिरा. देवाला फसवलं म्हणून सासूबाई दुसऱ्या दिवशी खरा सत्यनारायण घालायच्या, त्यामुळे आमच्याकडे दोन दिवस शिरा असायचा.

बेचाळीसनंतर मात्र गंमत राहिली नाही. मोठमोठे पुढारी नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले होते, आणि किल्ला आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. रस्त्यात चार माणसं एकत्र दिसली तरी पोलीस हटकायचे. त्रेचाळीसच्या जानेवारीत कचेरीत हुकूम निघाला की सव्वीस तारखेला कुणाला रजा नाही. आजारी असेल त्याला लष्करी डॉक्टर घरी येऊन तपासेल. यांनी पाय धरले, “बाबा, या वर्षी नको.” सासूबाईंनी वाटी लपवली. मामंजी म्हणाले, “ते किल्ल्यात कोंडलेत, आणि मी कचेरीत जाऊन बटणं मोजू?” आणि त्यांनी वाटी शोधून काढली. साडेदहाला दारात जीप थांबली. आत मामंजी पाटावर, प्रतिज्ञा ऐन रंगात. मागे दोऱ्यांवर तिन्ही रंग. गोरा डॉक्टर आत आला, त्याच्यामागे आपल्याकडचाच एक हवालदार.  डॉक्टरनं मामंजींचं पोट दाबलं तेवढ्यात कळ आली, आणि मामंजी त्याला बाजूला सारून पळाले ते पळालेच. डॉक्टरनं मान डोलावली, कागदावर ‘खरोखर आजारी’ असं काहीसं लिहिलं आणि तो जीपमध्ये जाऊन बसला. हवालदार मात्र दारातच थांबला. मामंजी परत आले, त्यांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं, आणि पाटावर बसून राहिलेल्या चार ओळी त्याच्या तोंडावर वाचल्या. आवाज तसूभर खाली आणला नाही. त्याला मराठी येत होतं, अक्षर न् अक्षर कळत होतं. तो उकिडवा बसला, संपेपर्यंत ऐकलं, शिरा डोळ्याला लावून खाल्ला, आणि उठताना म्हणाला, “लई चांगली पोथी हाय, रावसाहेब. फुडल्या वर्साला बी वाचा.” तो गेल्यावर आम्ही सगळे मटकन खाली बसलो. मामंजी तेवढे म्हणाले, “सूनबाई, शिरा उरलाय का?”

पुढं सत्तेचाळीस साल आलं. पंधरा ऑगस्टला कचेरीवर आपला झेंडा चढला, चरख्याच्या जागी चक्र आलेला. सगळ्यांना सुट्टी, पेढे, बँड. मामंजी सकाळपासून नवी टोपी घालून फिरत होते आणि भेटेल त्याला मिठी मारत होते. पण संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, “फार चांगलं झालं. पण आपली तारीख गेली ग.” मी म्हटलं, “आता स्वातंत्र्य आलं ना, मग तारखेचं काय एवढं?” तर म्हणाले, “मूल झालं म्हणून डोहाळे विसरतं का कुणी?” सासूबाई आतून कडाडल्या, “तुम्हाला काय ठाऊक हो डोहाळे!”

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत त्यांनी एरंडेल आणलं नाही. आता राज्य आपलं, साहेब आपला. आठ दिवस आधीच त्यांनी अर्ज लिहिला, आयुष्यातला सगळ्यात सुंदर अक्षरातला. “कारण : स्वातंत्र्यदिन.” स्वतः घेऊन गेले. संध्याकाळी परत आले ते चपला न काढताच घरात. हेडक्लार्क म्हणाला होता, “काका, स्वातंत्र्यदिन ऑगस्टात झाला की! हे कारण चालत नाही. नेहमीसारखं पोटदुखी लिहा, आत्ता मंजूर करतो.” तो बिचारा चांगल्या मनानंच म्हणाला असेल. पण आपल्या राज्यात खोटं कारण लिहायचं? त्यापेक्षा मामंजी सव्वीस जानेवारीला कचेरीत गेले. मी आले तेव्हापासून पहिल्यांदा! दोऱ्या मी बांधल्या, लुगडी मी भिजवली, प्रतिज्ञाही मीच वाचली, मोठ्यानं, साध्या आवाजात. ऐकायला सासूबाई आणि मी. शेजारपाजारचं कुणी आलं नाही. आता भीती नव्हती, तर गरजही नव्हती. मामंजी सहाला आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “सोळा वर्षं एरंडेल पिऊन पोट दुखवलं. आज काही न घेता दुखतंय.”  मी नुसती जवळ जाऊन बसले.

एकोणपन्नास सालीही त्यांनी तोच अर्ज दिला, आणि तेच उत्तर आलं. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास ते निवृत्त झाले. क्वार्टर सुटलं, भिंगारच्याच पेठेत आम्ही दोन खोल्या घेतल्या. आणि महिनाभरानं वर्तमानपत्रात बातमी आली : नवी राज्यघटना अमलात यायची ती सव्वीस जानेवारीला, मुद्दाम तीच तारीख धरली होती. मी ओरडतच त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून बातमी तीनदा वाचली. मग माझ्याकडे बघून लहान मुलासारखं हसले. “आली ग तारीख. पण आता मला रजाच नाही! कुणाकडे मागू?” देवानं त्यांची इच्छा पुरी करायला घेतली आणि नेमकी तीन महिने उशिरा. मला इतका राग आला देवाचा!

सव्वीस जानेवारीला सकाळी उठून पाहते तर मामंजी घरात नाहीत. चहासुद्धा न घेता गेलेले. यांना म्हटलं, तुम्ही थांबा, मला ठाऊक आहे कुठे असतील ते. मी तशीच चालत स्टोअरपाशी गेले. फाटक उघडं होतं, आत चिटपाखरू नव्हतं, आणि कचेरीच्या बंद दारासमोर मामंजी, धुतलेला कोट, डोक्यावर टोपी, हात मागे बांधून उभे. एक म्हातारा पहारेकरी त्यांना समजावत होता, “आज सुट्टी हाय, रावसाहेब. तुमाला ठावं न्हाई व्हय?”

“ठाऊक आहे रे,” मामंजी म्हणाले, “तीच बघायला आलोय.”

दारावर कचेरीचा कागद डकवला होता. सव्वीस जानेवारीनिमित्त कचेरी बंद, एवढंच लिहिलेलं. खाली साहेबाची सही. मी फाटकाशीच थांबले. मामंजी पुढे झाले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो कागद अगदी जवळून वाचला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत. मग मला पाहून त्यांनी हातानं जवळ बोलावलं, आणि कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून हळूच, कुणी ऐकेल अशा धाकानं बोलावं तसे म्हणाले, “सूनबाई, हे बघ, शिक्कासुद्धा मारलाय. चांगला उमटलाय.”

परत येताना ते मजेत चालत होते, ओळखीच्यांना नमस्कार करत होते. रडत मीच होते, आणि भर पेठेत लोक बघतात म्हणून सारखा पदर सावरत होते.