चौकातलं उघडं दार

लाकडाच्या फळीला मी आधी काळी शाई फासते. त्यावर पांढऱ्या रेघेनं चित्र काढायचं, रेघ कोरायची, मग शाईचा रूळ फिरवून कागद दाबायचा. कोरलेलं तेवढं पांढरं राहतं, बाकी सगळं काळं उमटतं. छापाचित्रांचा माझा पसारा एवढाच. आता आमच्या भागातल्या भिंतींवरची चित्रं कागदावर यायला लागलीत, चंद्रपुरात प्रदर्शनं भरतात, आणि ज्यांनी जन्मात स्वतःच्या घरची भिंत धड पाहिली नाही ते मला परंपरा समजावून सांगतात. सांगा बाप्पा, सांगा.

ही चित्रं मी मायकडून घेतली. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात कुणाकडेही सून येणार असली की भिंतीवर चौक काढायला मायलाच बोलावणं. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बोट बुडवायचं, की झाले सुरू मोर, शिडी, पालखी आणि चारी बाजूंनी वेल. खालच्या वेलीत मात्र ती थोडी जागा मोकळी सोडायची. ते दार. नवरी पाय धुऊन उंबरठ्याच्या आत आली की माय तिथं बोट ओढून दार लावायची. आधी लावलं तर नवरीचा जीव घराबाहेरच राहतो, असं तिचं म्हणणं.

आता माय माझ्याजवळ सावली गावात असते, आणि विसरते. आधी गॅसवरचं दूध विसरली, मग गाव, मग बाबा वारले तेही. दर वेळी नव्यानं सांगायचं आणि दर वेळी तिनं नव्यानं रडायचं. शेवटी मी "शेतावर गेले" म्हणायला लागले. डॉक्टर म्हणाले, आहे ते सांभाळा. काय सांभाळू, माझं कपाळ?

मला फक्त तिच्या हातचा एक पूर्ण चौक हवा होता, तिचं बोट विसरायच्या आत. काळी फळी भिंतीला टेकवली, पिठाची वाटी दिली. आणि काढला ना तिनं! एका बैठकीत, एकदाही न चुकता. मी तर नाचायचीच बाकी होते. पीठ वाळलं की झडतं, म्हणून लगेच कोरायला बसले. खाली दार उघडंच होतं.

"माय, एवढं लावून दे ना."

"नवरी आली का?"

"नाई आली."

"मंग कशी लावू वो? पागल झाली का तू?"

रोज हेच. रोज मी ताजं पीठ कालवून ठेवायची, रोज ती हाच प्रश्न विचारायची. तिकडून प्रदर्शनवाल्यांचे फोन, ताई, झाली का फळी? झाली म्हणजे काय, भात होय का तो? दार मीही लावलं असतं. हात आहेत मला. पण मग तो तिचा चौक राहिला नसता.

शेवटी शेजारच्या सुनेला गळ घातली. ती बिचारी लग्नातला शालू नेसून, मुंडावळ्या बांधून दारात उभी राहिली. मायनं तिला वरून खालून पाहिलं.

"हे तं बाजूची सून होय. काऊन वो, लेकराचं पोट राह्यलं का दुखाचं?"

सून फिदीफिदी हसली. मीही हसले आणि मग मोरीत जाऊन रडले. शेजारच्या नातवाचं पोट हिच्या ध्यानात, आणि बाबा नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात मी छपाईचा कागद आणायला चंद्रपूरला गेले होते. परतायला दुपार झाली. आपल्याकडचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. पदर कपाळापर्यंत ओढलेला, चेहरा लाल झालेला. दारात पाय ठेवते तोच माय उठली.

"थांबा जी, थांबा. पाय धुवा आंधी."

तांब्या घेऊन आली आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. मी लग्नाच्या भानगडीत कधी पडले नाही. हे पाणी माझ्या पायांवर पहिल्यांदाच पडत होतं.

"माय, मी होय."

"हव, हव. रडू नका, नवरीबाई. तुमची माय येईन न तुमाले न्याले."

मी पदर मागे सारला, तोंड तिच्यापुढे धरलं. "पाह्य ना माझ्याकडे. मी होय, मी!" तिनं हसून माझ्या हनुवटीला हात लावला, तोंडभरून म्हणाली, "साजरी हाय." मग वाटीत बोट बुडवून फळीपाशी बसली आणि एका ओढीत दार लावलं. रेघ जराही हलली नाही.

पीठ वाळायच्या आत कोरायला हवं होतं. मी हलले नाही. ती उंबरठ्याशी येऊन टेकली, मलाही हात धरून बसवलं.

"माही पोरगी बाहीर गेली हाय," ती म्हणाली. "चित्रं काढते ते. येईनच आता. तिले सांगतो, नवरी आली म्हनून."

मग आम्ही दोघी उंबरठ्यावर बसून माझी वाट पाहत राहिलो.