माटोळी कोण बांधणार

गोवा घटक राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी डिचोलीच्या बसस्टँडवरून पुण्याची बस पकडली. शिरगावहून तिथवर बाबांनी मला त्यांच्या खाणीवरच्या ट्रकमधून आणलं होतं, त्यामुळे माझा नवा पांढरा शर्ट पुण्याच्या आधीच तांबडा झाला. आईने पिशवीत सोलं आणि पोदेराकडचे उंडे पाव कोंबले होते. बस हलली तसे बाबा खिडकीशी आले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "चवथीक यो." बस्स, एवढंच.

माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना हे शब्द पाठ आहेत, आणि तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हीच ते म्हणालेले आहात. आमच्याकडे गणपती मूळ घरीच बसतो. भावाभावांनी चार घरं बांधली तरी गणपती एकच, आणि चवथीला सगळ्यांनी तिथेच यायचं. मी येत राहिलो. आधी पुण्याहून, मग रॉटरडॅमहून. कोंकणीत भांडायचं, मराठीत वाचायचं, इंग्रजीत कोड लिहायचा आणि शेजाऱ्याला डचमध्ये सुप्रभात म्हणायचं, असं सगळं चालू असतं. पायाला भिंगरी आहे म्हणतात तसा मी. तिकडे असलो की इकडे यावंसं वाटतं आणि इकडे आलो की चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडतो.

माझं काम जुन्या सॉफ्टवेअरचं. एका विमा कंपनीत मी लहान असताना दुसऱ्यांनी कोबोल या जुन्या संगणकभाषेत लिहिलेले प्रोग्रॅम अजून चालतात. लिहिणारे निवृत्त झाले, काही वारले, आणि बंद करायची कोणाची छाती होत नाही. ते काम एकेक करून नव्या सिस्टिममध्ये न्यायचं, आणि काही काळ जुनं-नवं दोन्ही शेजारी शेजारी चालवून पाहायचं. दोघांची उत्तरं जुळली की मग जुन्याचं बटण बंद करायचं.

यावर पुस्तक लिहायची दुर्बुद्धी मला झाली. लोकांना वाटतं पुस्तक म्हणजे मान. मान राहू द्या, मान आखडते! तपासणारे दोन तज्ज्ञ. एक म्हणतो उदाहरणं वाढवा, दुसरा त्याच पानावर म्हणतो कमी करा. एक प्रकरण लिहून होईपर्यंत त्यातली स्क्रीनची चित्रं जुनी होतात. जुनाट झालेल्या गोष्टींवरचं माझं पुस्तक छापण्याआधीच जुनाट होत होतं, आणि मी रविवारी सुद्धा घरच्यांवर खेकसत होतो. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं: जुनी सिस्टिम बंद कशी करावी.

तेवढ्यात धाकट्या भावाचा, दिगूचा फोन आला. आई गेल्यापासून बाबा शिरगावच्या घरात एकटे. गुडघे गेलेले. दिगूचा पर्वरीला फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, डॉक्टर खाली आहे. पण बाबा हलत नाहीत, कारण गणपती. "गणपती हांगा हाडल्यार बाबाय येतले," दिगू म्हणाला. "दादा, तुजें कामूच न्हय रे तें? जुनें नव्यांत व्हरप. तूं सांग बाबांक."

मी फुशारलो. उंटावरून शेळ्या हाकायची हौस कोणाला नसते? बाबांना फोन लावला आणि पुस्तकातलाच उपाय सांगितला: एक वर्ष दोन्हीकडे गणपती बसवू, शिरगावलाही आणि पर्वरीलाही. बघू कसं जमतं. जमलं तर पुढच्या वर्षी फक्त पर्वरी.

मग बाबा म्हणाले, "देवाची ट्रायल घेतात व्हय रे?" आणि फोन ठेवला.

त्या वर्षी हस्तलिखित द्यायची मुदत आणि चवथ एकाच आठवड्यात आली. संपादिकेला कळवून टाकलं, उशीर होईल, आणि निघालो. मनात मात्र बाबांना तोंडावर पटवायचा बेत होता.

चवथीच्या आदल्या दुपारी मी स्टुलावर चढून माटोळी बांधत होतो. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली ती लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचा घोस, कांगलां, आंबाडे, रानातलं जे मिळेल ते टांगायचं, केवणीच्या झुडपाच्या ओल्या सालीने बांधून. पूर्वी केवण घरामागच्या डोंगरावरची असायची. तो डोंगर खाणीने खाल्ला, आता ती बाजारातून विकत आणतो, आणि मी येईपर्यंत ती सुकायला लागते. दिगू खालून फळं देत होता. बाबा खुर्चीत बसून माझ्या गाठींना नावं ठेवत होते.

दिगूने विषय काढला. लिफ्ट, डॉक्टर, सगळं. चिडून नाही, अगदी कळवळून बोलला. मीही री ओढायला तोंड उघडलं.

बाबा त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "गणपती व्हरशात. देव खंयूय बसतलो. पूण तूं खंय येतलो?"

"पर्वरीला," मी म्हटलं.

"थंय तूं सोयरो जातलो. सोयऱ्याक कोण माटोळी बांदपाक सांगता?" सोयरो म्हणजे पाहुणा.

माझ्या हातात कांगलांचा घोस होता, तो तसाच राहिला. मला रडू आलं, आणि स्टुलावर उभं राहून रडता येत नाही हेही कळलं. बाबा देवाला धरून बसले नव्हते. माझी जागा धरून बसले होते. दिगूने पुढचा नारळ वर दिला.

गणपती शिरगावलाच राहिला. बाबा पावसाळ्यात दिगूकडे राहायला कबूल झाले, चवथीच्या आधी परत येण्याच्या अटीवर. हे किती वर्षं चालेल, कोणालाच ठाऊक नाही, आणि विचार आला की माझी झोप उडते.

रॉटरडॅमला येऊन शेवटचं प्रकरण लिहिलं. जुनं बंद करण्याआधी त्याच्या आधाराने कोण कोण उभं आहे ते विचारा, असं त्यात घातलं. संपादिकेने समासात लिहिलं, हे तांत्रिक आहे का? मी लिहिलं, आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान असा आजवर होतो, आता निदान एक पान तरी स्वतः भोगून लिहिलं.

घर म्हणजे काय, असं मला आता कोणी विचारलं तर मी सांगेन: जिथे पोचल्या पोचल्या आपल्याला काम सांगतात, आणि केलेलं काम आवडत नाही. त्या चवथीनंतर निघताना बाबा हट्टाने मोपाच्या विमानतळापर्यंत आले होते. दिगूच्या गाडीतून उतरायला त्यांना बराच वेळ लागला. मी पाया पडलो. या वेळी मी काही मोठं ऐकायची वाट पाहत नव्हतो.

"फुडल्या वर्सा मातसो आदीं यो," ते म्हणाले. "सुकी केवण गांठ धरिना."