सुरक्षेच्या कारणास्तव

लोम्बे कासुबाचा दिवस बहुतेक वेळा कपाळावर हात मारूनच सुरू व्हायचा. मुकुवे नगरपालिकेत कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळणारी ती एकटी बाई. विभागाची पाटी मोठी, पण विभागात माणूस एकच. खोलीसुद्धा धड नव्हती. सर्व्हर ठेवला होता तो मयताचे तंबू आणि खुर्च्या ठेवायच्या कोठीत. कुणा नगरसेवकाचा नातलग वारला की लोक बिनदिक्कत आत शिरून खुर्च्या ओढून न्यायचे. एकदा खुर्चीच्या पायात अडकून वायरही गेली आणि सगळी पालिका ठप्प झाली. "बाना चिशा, इंटरनेट गेलं!" म्हणत जो तो तिच्यावरच खेकसायला आला. चिशा तिची मुलगी, आणि बाना म्हणजे आई. बाई एकदा आई झाली की मुकुवेत तिला तिच्या नावानं कोण हाक मारतं?

ती किटवे शहरात शिकलेली. एका खाणीच्या ऑफिसात चांगली रुळली होती, पण नवऱ्याच्या बदलीपाठोपाठ या गावात आली. आल्यावर हौसेनं एक काम केलं. बाजारात लोकांसाठी फुकट वायफाय बसवलं आणि ते पालिकेच्या नेटवर्कपासून पार वेगळं ठेवलं. त्यावर कोण आलं, कोण गेलं याच्या नोंदी, बिघाड शोधायला लागतील तेवढेच दिवस राहायच्या, मग आपोआप पुसल्या जायच्या. "लोकांचं लोकांपाशी," ती म्हणायची. "मला काय करायचंय?"

मुख्याधिकारी काबासो यांना हे मुळीच पटत नसे. कडक इस्त्रीचा, चर्चच्या गायनात खालचा सूर लावणारा माणूस. वाईट नव्हता, पण नेटवर्कची सुरक्षा म्हणजे फाटकावरचा पहारेकरी असं त्यांच्या मनानं घेतलेलं. मानानं 'बा काबासो' म्हणत लोम्बेनं पासवर्ड बदला म्हटलं की ते हसायचे.

"माझ्या टेबलापर्यंत कोण येतंय, बाना चिशा?"

"टेबलापर्यंत यावंच लागत नाही, बा काबासो. तीच तर भीती आहे."

"बरं, बरं. पुढच्या महिन्यात बघू."

पाणीबिलांची एक प्रत वेगळ्या जागी ठेवायला यंत्र घ्या, असं ती दर बैठकीत सांगायची. दर बैठकीत तो विषय चहाबरोबर गार व्हायचा.

अशातच बाजारात आणि बसस्टँडवर कॅमेरे लागले. सरकारी शाळेतले मुसेंगे मास्तर, जन्मजात शंकेखोर माणूस, त्यांनी पालिकेला अर्ज केला: कंत्राट कुणाला दिलं, चित्रं कुठे साठतात, ती कोण बघतं? उत्तर एका ओळीचं आलं. सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही. आणि त्या ओळीखाली लोम्बेच्या विभागाचं नाव!

ती तडक मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात गेली. "माझ्या नावावर हे कुणी खपवलं? कंत्राटदाराचं नाव सांगितलं तर कुठला चोर आत येणार आहे?"

"ते धोरण आहे. तुम्ही तांत्रिक माणूस, तुम्हाला नाही कळायचं," काबासो म्हणाले. "आलाच आहात तर एक काम करा. बाजारातल्या वायफायवरून पालिकेविरुद्ध कोण कोण लिहितं, त्यांची नावं काढून द्या."

"ते मी ठेवतच नाही."

"ठेवत नाही म्हणजे? मग तुमचा विभाग करतो तरी काय?"

"म्हणजे लोकांचं सगळं आपल्याला दिसलं पाहिजे आणि आपलं काहीच लोकांना दिसता कामा नये! उलटं असायला हवं ना, बा काबासो?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. यापुढे काही बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ. लोम्बे धुमसत परतली आणि त्या दिवशी घरी मक्याच्या पिठाची न्शिमा घोटताना तिनं लाकडी पळी अशी काही फिरवली की नवऱ्यानं न विचारताच ताटं घेतली.

पुढच्या सोमवारी सकाळी पाणी खात्यातल्या कॉम्प्युटरचे पडदे एकामागोमाग एक काळे पडले. कुणी बाहेरच्यानं सगळी बिलं कुलूपबंद केली होती, आणि किल्लीसाठी पैसे मागणारा मजकूर तेवढा पडद्यावर चमकत होता. लोम्बेनं धावत जाऊन वायरी उपटल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. गावातले नळ आधी पैसे भरून चालणारे. यंत्रणा बंद म्हणजे नळ बंद. दुपारपर्यंत बायका बादल्या घेऊन ओढ्याकडे निघाल्या.

चोर कुठून शिरला ते शोधायला तिला फार वेळ लागला नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या मशीनवर राजधानी लुसाकातल्या एका रुग्णालयाच्या नावानं खोटी मेल आली होती, 'आपला रिपोर्ट सोबत जोडला आहे' अशी. काबासोंनी ती उघडली होती. तो रिपोर्ट कुठल्या आजाराचा, तेही मेलच्या मथळ्यातच लिहिलेलं होतं. शेजाऱ्याचं उघडं राहिलेलं दार ओढून घ्यायला जावं आणि आतलं नको ते दिसावं, तसं तिला झालं. माणूस तशाच रिपोर्टची वाट बघत होता, म्हणून तर फसला.

ती हे त्यांना एकट्याला गाठून सांगणार, तोवर काबासो गावच्या रेडिओवर बोलूनही आले होते. "बाजारातल्या फुकट वायफायवरून हा घातपात झाला आहे. शिकलेली माणसं, जी रोज अर्ज करतात, त्यांच्यावर आमचं लक्ष आहे." नाव घेतलं नव्हतं, पण मुकुवेत रोज अर्ज करणारा माणूस होताच एक. संध्याकाळी मास्तरांच्या दारावर दगड आला. त्यांच्या बायकोला ओढ्यावर कुणी भांडं बुडवू देईना.

दुसऱ्या दिवशी लोम्बेनं काबासोंच्या दालनाचं दार आतून लावलं.

"चोर तुमच्या मशीनवरून आला. बाजाराचा काही संबंध नाही."

काबासोंनी उठून खिडकी लावून घेतली. "तुम्ही ती मेल वाचलीत?"

"मथळा वाचला. माझं काम होतं ते. पुढे वाचलं नाही."

"कुणाला सांगणार?"

"तुमचा आजार तुमचा आहे, बा काबासो. पण मशीन नगरपालिकेचं आहे. काय उघडलं ते कुणाला कळायची गरज नाही. कुठून आलं ते मात्र सांगायलाच हवं. त्या मास्तरांच्या दारावर दगड पडतायत!"

"बघतो," ते म्हणाले.

ते बघत राहिले आणि गाव तहानलेलं राहिलं. शेवटी नगराध्यक्षांनी बाजाराच्या मंडपात सभा बोलावली. काबासो पहिल्या रांगेत बसून बुटांकडे बघत होते. ते बोलत नाहीत असं दिसल्यावर लोम्बे उठली.

"हा चोर बाजारातून आलेला नाही. बाजाराचं आणि पालिकेचं नेटवर्क एकमेकांना चिकटलेलंच नाही. पालिकेच्याच एका मशीनवर खोटी मेल उघडली गेली, तिथून तो शिरला. आणि बिलांची दुसरी प्रत धड नाही, कारण ती ठेवायला यंत्र मागून मागून माझी जीभ झिजली."

सुकटाच्या गाळ्यावरची बाना कोम्बे ताडकन उभी राहिली. "कुणाच्या मशीनवरून?"

"नाव मी नाही सांगणार."

"बघा! आपल्यातल्याला झाकतेय! तुम्ही सगळे एकाच भांड्यातले!"

"बाना कोम्बे, तू बाजारात बसून फोनवर कुणाला काय पाठवतेस ते मी कधी कुणाला सांगितलं का?"

मंडप हसला. "तुला माहीत आहे की काय?" बाना कोम्बे एकदम सावध झाली.

"नाही माहीत. माहीत होऊ नये म्हणूनच तर ठेवत नाही, बाई!"

मग मुसेंगे मास्तर उठले. लोम्बेला वाटलं, आता हे तरी बाजू घेतील. कसचं काय!

"बाई म्हणतात नोंदी पुसल्या," मास्तर म्हणाले. "म्हणजे मी तो चोर नाही याचाही पुरावा पुसला गेला. आता त्यांच्या शब्दावर मी निर्दोष. का म्हणून? उद्या त्यांचा शब्द फिरला तर?"

ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला तोच उलट तपासणी घेतोय! पण प्रश्न खोटा नव्हता. "माझ्या शब्दावर ठेवूच नका विश्वास," ती जवळजवळ ओरडलीच. "बाहेरून तपासणारा माणूस आणा. त्यानं माझंही काम तपासावं. अहवाल इथे, या मंडपात वाचावा."

नगराध्यक्षांनी काबासोंकडे पाहिलं. ते सावकाश उठले आणि कागद नसताना कागद वाचल्यासारखे बोलले. "मुख्याधिकाऱ्यांच्या दालनातील यंत्रावरून सदर प्रकार घडल्याचं दिसून येतं." जणू मुख्याधिकारी म्हणजे कुणी दुसराच माणूस! लोकांना अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला, मग एकच गलका उठला. लोम्बेला हसावं की रडावं कळेना. तरी ते बोलले होते, आणि ती खाली बसली.

लुसाकाहून तपासनीस आला. बाजार आणि मास्तर निर्दोष ठरले. पासवर्डावरून मुख्याधिकाऱ्यांची हजेरी घेतली गेली, आणि सर्व्हरच्या खोलीला कुलूप नाही, मयताच्या खुर्च्या आहेत, म्हणून लोम्बेचीही. अहवालात तिचं नाव चुकांच्या पानावरच आलं. घरच्या डिस्कवर तिनं एक जुनी प्रत ठेवली होती, तपासनीसानं यंत्रं साफ केल्यावर तिच्यावरून नळ सुरू झाले. त्यानंतरची बिलं पावत्या बघून हातानं भरावी लागली. सरकारी माहिती घरी कशी नेली, याचा खुलासाही तिलाच द्यावा लागला. काबासो उपचाराला रजेवर गेले. का गेले ते गावात कुणाला कळलं नाही, आणि लोम्बेनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

वायफाय परत सुरू करताना तिनं बाजारात एक फळा उभा केला: आम्ही काय ठेवतो, किती दिवस ठेवतो, कुणी मागितलं तर काय लागतं, तक्रार कुठे करायची. बाना कोम्बेनं पहिल्याच दिवशी त्याच्या कोपऱ्याला सुकटाची पिशवी अडकवली.

मुसेंगे मास्तर आले, फळा वरपासून खालपर्यंत वाचून काढला आणि म्हणाले, "यात कॅमेऱ्यांचं काहीच नाही."

"मास्तर, नळाला पाणी आलं ना?"

"आलं. पण कॅमेरे?"

लोम्बेनं कपाळाला हात लावला. माणसाचं बरोबर होतं, आणि तिला राग आला तो त्याचाच. दुपारी ती कॅमेऱ्यांच्या कंत्राटाची प्रत मागायला काबासोंच्या जागी आलेल्या नव्या अधिकाऱ्याकडे गेली. त्यानं तिला बसायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा बाना चिशा, सुरक्षेच्या दृष्टीनं..."

"नका!" लोम्बे म्हणाली. "तो शब्द माझ्यासमोर काढूच नका. आधी कंत्राट दाखवा."