दोन श्रावण आणि ज्वारीची बिअर

आमच्या सोलापुरात ताजी बिअर तयार करणारी पहिली जागा निघाली, तेव्हा अर्धं शहर तिथं प्यायला नव्हे, टाक्या बघायला गेलं होतं. जुन्या तेलगिरणीच्या शेडमध्ये काचेमागे स्टीलच्या चकचकीत टाक्या, आणि काचेपुढे हात मागे बांधून उभी असलेली माणसं. मालक पुण्याची बरी चाललेली नोकरी सोडून आला होता. "बाटलीतली काय वाईट असते?" हा प्रश्न त्याला रोज कुणी ना कुणी विचारायचं आणि तो रोज न चिडता उत्तर द्यायचा. मी शाळेत भूगोल शिकवत होतो. एकच प्रश्न दोनदा आला की माझा हात खडूकडे जायचा, त्यामुळे मला या माणसाचं फार कौतुक वाटायचं.

त्यानं मालदांडी ज्वारी घालून एक बिअर केली. रंगानं गढूळ, चवीला जराशी आंबट. पहिला घोट आम्ही तिघांनी घेतला. एक मी. दुसरे मार्केट यार्डातले भुसार व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणतात. तिसरे यंत्रमागवाले अण्णा, जे घरी तेलुगू बोलतात, कारखान्यात मराठी बोलतात आणि भांडायचं असेल तर दखनीत शिरतात.

"ही बिअर हाय का आंबील?" शेठनी विचारलं.

"आंबील असंल तर जिरं कुटं हाय मग?" अण्णा म्हणाले.

दुसऱ्या ग्लासाला आम्ही जिरं विसरलो. तिसऱ्याला आमचं ठरलं, की असली बिअर जगात दुसरीकडे कुठंही होत नाही. जग आम्ही गुलबर्ग्यापर्यंत पाहिलेलं होतं. त्या दिवसापासून ज्वारीची बिअर ही मालकाची राहिली नाही, ती आमची झाली. पाहुण्यांना आम्ही आधी सिद्धेश्वराचं देऊळ दाखवायचो आणि मग संध्याकाळी ही टाकी.

बसायचा वार बुधवार. त्याला कारण होतं. सोमवार शेठचा, सिद्धेश्वराचा. मंगळवार माझा, तुळजापूरच्या देवीचा. गुरुवार बायकोनं अक्कलकोटला माझ्या वतीनं बोलून टाकलेला. शनिवार अण्णांचा, बालाजीचा. शुक्रवारी घरात कुणाचा तरी उपास असायचा आणि रविवारी पाहुणे. मधे एकादशी, चतुर्थी, अमावस्या. एवढ्या देवांच्या तावडीतून निसटलेला बुधवार आम्ही बिअरला वाहिला होता. तिथंही मी भिंतीकडे तोंड करून बसायचो, कारण पलीकडच्या टेबलावर माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील मला चुकवण्यासाठी दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे.

नवी टाकी उघडली की पहिला ग्लास आमच्या टेबलावर यायचा, हा तिथला रिवाज होता. आम्ही ग्लास उजेडात धरायचो, घोट तोंडात फिरवायचो आणि निकाल द्यायचो, "मागच्या वेळेसारखी न्हाय." हे आम्ही दुसऱ्या टाकीलाच म्हणालो होतो आणि नंतर कधी सोडलं नाही. मालक हसून मान हलवायचा.

मग वर्षं गेली. पुणे रस्त्याला नव्या जागा निघाल्या. तिथं निळे दिवे, गाणी, आंब्याची बिअर, चॉकलेटची बिअर. तरुण मंडळी ग्लासाचा फोटो आधी काढतात आणि मग उरलं तर पितात. आम्ही त्यांना मनसोक्त नावं ठेवायचो. पण खरं सांगायचं तर आमचंही जुन्या जागेत जाणं कमी झालं होतं. मी निवृत्त झालो, शेठना साखर निघाली, अण्णांचे गुडघे बोलायला लागले. दर बुधवारचं महिन्यावर आलं, महिन्याचं सणावर. निष्ठा मात्र वाढतच होती. जितकं जाणं कमी, तितकी ती जागा थोर. जुन्या गिऱ्हाइकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही झाला होता. त्यात त्या बिअरचं जेवढं कौतुक व्हायचं, तेवढी ती त्या शेडमध्ये विकली गेली असती तर मालकानं दुसरी शेड घेतली असती.

असेच एका बुधवारी गेलो तर मालक खुर्ची ओढून आमच्याजवळ बसला. केस बरेच पिकले होते.

"सर, ज्वारीची बंद करावी म्हणतो," तो म्हणाला. "टाकी अडकून राहते. तुम्ही सोडून कुणी मागत नाही, आणि तुम्ही येत नाही."

आम्ही तिघंही एकदम उसळलो.

"ती हाय म्हणून तर ही जागा हाय की!" शेठ म्हणाले.

"बंद करून तर बघा, लई वाईट होईल," अण्णा म्हणाले. मीही काहीतरी संस्कृतीबद्दल बोललो.

मालकानं सगळं ऐकून घेतलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "एक शेवटची टाकी लावतो. सगळ्या जुन्यांना घेऊन या. ती संपली तर ज्वारीची चालू ठेवतो, नाही संपली तर थांबवतो. कधी तयार पाहिजे तेवढं सांगा."

इथं आमच्या विद्वत्तेनं घात केला. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, म्हणजे दोन श्रावण. शेठनी बोटांवर हिशेब केला आणि निर्णय दिला, की अधिक श्रावण खरा श्रावण नव्हेच. पाळायचा तो निज श्रावण. अधिक म्हणजे देवानं वर घातलेला महिना, भुसाराच्या दुकानात मापावर वर टाकतात तसा.

"मग अधिकातच पिऊ," अण्णा म्हणाले. "अख्खा महिना हाय. टाकी काय, काच बी चाटून काढू."

मालकानं मला विचारलं, "नक्की ना सर?" मी भूगोलाचा मास्तर, पृथ्वी, चंद्र, सूर्य यांचं मी तीस वर्षं शिकवलेलं. मी ठामपणे नक्की म्हणालो.

घरी हा निर्णय अर्धा मिनिटही टिकला नाही. "अधिकात केलेल्या पुण्याचं फळ कितीतरी पटीनं मिळतं," बायको म्हणाली. "मग पापाचं काय होत असेल, तुम्हीच सांगा." अण्णांच्या घरीही हाच निकाल लागला. शेठचा तर प्रश्नच मिटला, कारण अधिक महिना हा जावयाचा. वयाच्या या टप्प्यावरही सासुरवाडीनं त्यांना वळसंगला अनारसे खायला बोलावलं, आणि शेठ साखर विसरून गेले.

टाकी तयार झाल्याचा निरोप मालकानं ग्रुपवर टाकला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. "श्रावण आहे, पण मनानं तिथंच." "सोलापूरची शान." "ही चव जपली पाहिजे." एकानं तर तिच्यावर चार ओळींची कविता केली. एकही जण गेला नाही.

निदान तोंड दाखवावं म्हणून आम्ही तिघं बुधवारी गेलो आणि लिंबू सोडा मागवला. शहरातल्या पहिल्या बिअरच्या कारखान्यात, भरलेल्या टाकीसमोर, आम्ही शेंगदाणे खात सोडा पीत बसलो आणि बिअरची स्तुती करत राहिलो. मालकानं रिवाजाप्रमाणे पहिला ग्लास आणून टेबलावर ठेवला.

"नका पिऊ," तो म्हणाला. "कशी झाली तेवढं वासावरून सांगा."

"वासाला काय हरकत न्हाय," शेठ म्हणाले. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि सवयीनं म्हणाले, "मागच्या वेळेसारखी न्हाय."

मालक या वेळी हसला नाही. मला फार वाईट वाटलं आणि मी शेंगदाणे घेतले.

तेवढ्यात मागच्या दारानं एक मेंढपाळ आला. टाकीतून निघालेला धान्याचा चोथा तो मेंढरांसाठी न्यायचा. त्या दिवशी गव्हाचा होता. पोती टेम्पोत टाकून तो मालकाला म्हणाला, "जोंधळ्याचा परत कवा करणार? मेंढरं लई आवडीनं खात्यात. बंद करू नका की."

"बघू," मालक म्हणाला. त्या महिन्यात ज्वारीचं काही मागणारा तोच एकटा होता. आम्ही सोडा संपवून उठलो.

अधिक श्रावण संपला, निज लागला. मग गणपती आले, गणपतीत कसं प्यायचं? मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही आपट्याची पानं घेऊन गेलो. मालकाला सोनं दिलं, त्यानं वाकून नमस्कार केला आणि तीन ग्लास आणून ठेवले. पिवळे, गोड वासाचे. आंब्याची बिअर होती.

"ज्वारीची आणा की मालक," अण्णा म्हणाले. "आज सगळं चालतंय."

"ती बंद केली, अण्णा. उरलेली ओतून दिली."

"ओतली? आमास्नी विचारायचं तरी!"

"विचारलं होतं," मालक म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. तिथं काही तरुण आंब्याच्या बिअरचा फोटो काढत होते.

आम्ही समोरचे ग्लास उचलले. बिअर वाईट नव्हती, आणि ते जास्त लागलं. थोड्या वेळानं शेठनी आमच्या तिघांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आजही तीच जागा, तीच चव." अंगठ्यांचा पाऊस पडला. करमाळ्याला बदली होऊन गेलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "ज्वारीची अजून मिळते का?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा ग्लासात बघत होते.

"मिळते की," शेठनी टाईप केलं. "एकदा येऊन जा."

मी त्याला अंगठा दिला.